शिवगंगा सिस्टरची सकाळची पाळी

शिवगंगा दवाखान्यात नेमकं काय काम करते, हे माहेरी एकट्या तिच्या आईलाच ठाऊक होतं, आणि आईनं ते बावीस वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. गडहिंग्लजच्या पुढं, जिथं बसचा कंडक्टर अर्धं मराठी आणि अर्धं कानडी बोलतो, तिथल्या एका गावात त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय त्या घरात कुणी चहाला हात लावत नसे. दुकानात बायका विचारायच्या, थोरली लेक कोल्हापुरात काय करते म्हणून. अव्वा, म्हणजे शिवगंगाची आई, तांदूळ मोजता मोजता सांगायची, डॉक्टरांच्या हाताखाली असते, मोठमोठी ऑपरेशनं असतात. एवढं बोलून ती लगेच शेंगदाण्याची पाटी पुढं ओढायची, म्हणजे विषय बदलायचा.

खरं काम असं होतं. कसबा बावड्याच्या बाजूला, जिथं नव्या इमारती संपून उसाचे फड सुरू होतात, तिथं मणक्याच्या पेशंटसाठी एक पुनर्वसन केंद्र होतं. बावीस खाटा. कुणी मोटारसायकलवरून पडलेला, कुणी स्लॅबवरून, कुणी झाडावरून. पाठीचा कणा मोडून आतली दोरी दुखावली की पाय जातात, हे सगळ्यांना दिसतं. त्याबरोबर लघवी आणि संडासची जाणीव जाते, ताबाही जातो, हे मात्र कुणी बोलत नाही. पेशंट बोलत नाही, बायको बोलत नाही, भेटायला येणारे पावणे तर खिडकीतून ऊस बघत बसतात. ज्याबद्दल कुणी बोलत नाही, ते शिवगंगाचं खातं होतं.

सकाळी सहाला तिची पाळी सुरू व्हायची. आधी प्रत्येकाला कपभर गरम चहा किंवा कोमट पाणी, कारण पोटात गरम गेलं की आतडी हलायला लागतात. मग अर्ध्या तासानं पडदा ओढायचा, पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, हातमोजे घालायचे, जेली लावायची, खालून गोळी ठेवायची. थोड्या वेळानं बोट आतल्या कडेनं हळूहळू गोल फिरवायचं, म्हणजे विसरलेलं आतडं आपलं काम करतं. ज्याला बसवता येईल त्याला कमोडच्या खुर्चीवर बसवायचं आणि पोटावरून उजवीकडून डावीकडं हात फिरवायचा. रोज तेच, रोज त्याच वेळेला. शिवगंगा म्हणायची, आतड्याला घड्याळ लावायचं असतं. ते एकदा लागलं की माणूस दिवसभर मोकळा. दुकानात बसा, लेकराच्या शाळेत जावा, पंगतीत जेवा. ते चुकलं की कधी आणि कुठं कपडे खराब होतील याचा भरवसा नाही, आणि त्या धास्तीनं माणूस उंबरा ओलांडत नाही.

ती स्वतः काही हे शिकायचं म्हणून या वॉर्डात आलेली नव्हती. तेविसाव्या वर्षी नर्सिंग संपवून तिनं हे केंद्र चालवणाऱ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या वॉर्डात नोकरी धरली होती, आणि माणसं कमी पडली म्हणून तिला मणक्याच्या वॉर्डात पाठवलं. पहिल्याच सकाळी तिला बेसिनपाशी उमासे आले. दुपारी डबा उघडवेना. तिथल्या जुन्या मावशी तानाबाई, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून वॉर्ड झाडणाऱ्या, समोर येऊन बसल्या आणि आपल्या डब्यातली भाकरी-वांगं तिच्यापुढं सरकवलं.

"पोरी," तानाबाई म्हणाल्या, "माणूस जित्ता हाय म्हणून वास येतोय. जेव."

शिवगंगा त्या दिवशी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली, आणि महिन्याभरात तानाबाईंच्या ठेच्यासाठी दोघींची भांडणं लागायला लागली.

तेव्हा वॉर्डात वेळेबिळेचा काही नेम नव्हता. आठवड्यातून दोनदा एनिमा आणि बाकीचे दिवस डायपर. काही वर्षांनी शिवगंगाला पुण्याला दोन महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं आणि ती वहीभर टिपणं घेऊन परतली. इनचार्ज सिस्टरनी वही चाळली आणि इतका वेळ कुणाला आहे म्हणून परत दिली. मग शिवगंगा आणि तानाबाई महिनाभर पाळीच्या तासभर आधी येत राहिल्या. चारच पेशंट धरले, चौघांना वेळ लावली. महिनाअखेर धोब्यानं इनचार्जना विचारलं, या वॉर्डातले पेशंट कमी झाले का, चादरी निम्म्याच येतात म्हणून. इनचार्जनी शिवगंगाच्या वहीवर विश्वास ठेवला नव्हता, धोब्यावर ठेवला. पुढच्या महिन्यापासून सगळ्या खाटांना घड्याळ लागलं.

लग्नाच्या वेळी तिनं मुलाला, म्हणजे आताच्या नवऱ्याला, बघण्याच्या दिवशीच सगळं सांगून टाकलं. तो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता. त्यानं आपली काळी नखं दाखवली आणि म्हणाला की आपणही दिवसभर काळ्या वाळूत हात घालतो, संध्याकाळी दोघं मिळून साबण लावू. अव्वा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं हे ऐकलं, आणि हे बाकी कुणाला सांगायचं नाही अशी त्या दोघांकडूनही शपथ घेतली.

कृष्णात या वॉर्डात आला तो एका जुलैत. गगनबावड्याच्या अलीकडच्या वाडीतला, वय एकोणतीस. घरी चार म्हशी, डेअरीला दूध घालायचा. मे महिन्यात फणस उतरवायला झाडावर चढला, फांदी मोडली आणि खालच्या दगडी बांधावर पाठीवर आपटला. छातीपासून खालची सगळी जाणीव गेली. हात शाबूत होते, आवाजही शाबूत होता, पण तो वापरत नव्हता. आई बाळाबाई उशाशी, बायको पूर्णिमा पायथ्याशी, आणि हा दोघींच्या मधे भिंतीकडं तोंड करून.

चार दिवसांत शिवगंगाच्या ध्यानात आलं की हा जेवत नाही. बाळाबाई सांगायच्या, जेवतो की, दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्या भाकऱ्या चादर बदलताना गादीखाली सापडल्या, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या. बाळाबाई डोळ्याला पदर लावून म्हणायला लागल्या की पोराला काहीतरी लागीर झालंय, गावाकडं देवऋषी बघावा लागंल. शिवगंगानं असे पेशंट आधीही पाहिले होते. तिनं दोघींना चहाला पिटाळलं आणि स्टूल ओढून खाटेशी बसली.

कृष्णात भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "खाल्लं की बाहेर येणार. आणि ते काढायला बाईमाणूस. त्यापरास न खाल्ल्यालं बरं."

शिवगंगानं त्याची समजूत घातली नाही. तिनं त्याच्या म्हशींची चौकशी केली. कुठली दुधाला बरी, कुठली मारकी, सगळं विचारलं. म्हशींचा विषय निघाल्यावर गडी थोडा वळला. मग तिनं विचारलं की सकाळी गोठ्यात गेल्यावर कुठल्या म्हशीचं काय बिनसलंय, हे पहिल्यांदा कशावरनं कळतं.

"शेणावरनं," कृष्णात म्हणाला.

पातळ पडलं तर हिरवा चारा जास्त झाला. गोळ्या गोळ्या पडल्या तर पाणी कमी पडलं. आणि दोन दिवस पडलंच नाही तर डॉक्टर बोलवायचा, नाहीतर जनावर जातं. त्यानं हे सगळं शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगितलं. शिवगंगा मान डोलवत ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, अडलेल्या म्हशीच्या पोटात रेडकू सरळ करायला कुठवर हात घातलायस. त्यानं कोपरावर बोट ठेवलं, मग ते आणखी चार बोटं वर सरकवलं.

"लाज वाटली तुला?"

"लाज कुठली ओ? मुकं जनावर. त्याचा जीव चाललेला आसतोय." मग तो तिच्याकडं नीट बघून म्हणाला, "तुमी लई वस्ताद हाय, सिस्टर."

त्या संध्याकाळी तो दीड भाकरी जेवला. तरी त्यानं अट घातलीच, की बाई नको. शिवगंगानं ती लगेच मान्य केली. वॉर्डात ऋतुराज नावाचा ब्रदर होता, त्याच्याकडं कृष्णातची सकाळ सोपवली. लाज ही पेशंटची असते, ती नर्सनं ठरवायची नसते, असं तिचं मत होतं. दोन आठवड्यांनी ऋतुराज रजेवर गेला. शिवगंगा पडद्याबाहेर उभी राहून म्हणाली की आज मी आहे, चालेल का. आतून आवाज आला, "या की. म्हशीनं कुठं डॉक्टर निवडलाय?" आणि पलीकडच्या तीन खाटा हसल्या.

त्यानंतर कृष्णातला कुणी थांबवू शकलं नाही. हात धडधाकट होते, म्हणून शिवगंगानं त्याला स्वतःचं स्वतः करायला शिकवायला घेतलं. खुर्चीवर तोल कसा सांभाळायचा, एका हातानं दांडी धरून दुसरा हात मागून कसा न्यायचा, गोळी ठेवायचं लांब दांड्याचं साधन कसं वापरायचं. दोन महिने लागले. दोनदा खुर्चीवरून कलंडला, एकदा जेलीची बाटली ऋतुराजच्या बुटात ओतली. रोजच्या नोंदीची वही तो स्वतः भरायचा. वेळ, काय खाल्लं, किती पाणी प्यालो, आणि शेवटच्या रकान्यात डेअरीतल्यासारखा शेरा: प्रत उत्तम. प्रत मध्यम, काल वडापाव. डॉक्टर राऊंडला आले की आधी ती वही मागायचे, आणि मग उरलेला राऊंड हसऱ्या तोंडानं करायचे.

एका बाबतीत मात्र तो हटून बसला. पेशंटच्या घरचं एक तरी माणूस हे काम शिकलेलं असलंच पाहिजे, असा शिवगंगाचा नेम होता. पूर्णिमा तयार होती. कृष्णात नाही म्हणाला.

"बायकोनं हे करायचं न्हाय, सिस्टर. तिनं माझ्याकडं नवरा म्हणून बघायला पायजे."

यावर शिवगंगाकडं म्हशीचं उदाहरण नव्हतं. घरच्या माणसांचा बुधवारी वर्ग असायचा, तिथं पूर्णिमा बाकीच्या बायकांबरोबर रबरी नमुन्यावर सगळं शिकली. कृष्णात म्हणाला, शिकू दे, करायचं मात्र नाही. पूर्णिमानं मान खाली घालून हो म्हटलं.

त्याच वर्गात शिवगंगानं आणखी एक गोष्ट दोन-दोनदा सांगितली. ज्याचा मार छातीच्या मध्यापाशी किंवा त्याच्या वर आहे, त्याचं पोट किंवा लघवीची पिशवी तुंबली तर त्याला दुखत नाही, कारण निरोप वर पोचतच नाही. शरीर मग दुसऱ्या वाटेनं बोंब मारतं. रक्तदाब एकदम चढतो, डोकं फुटायची वेळ येते, तोंडाला घाम आणि अंगावर काटा. तेव्हा डोकेदुखीची गोळी देऊन गप झोपवायचं नाही. माणसाला बसवायचं आणि काय तुंबलंय ते शोधायचं, आणि एकीकडं दवाखान्याची तयारी करायची. उशीर झाला तर डोक्यातली शीर जाऊ शकते. नोव्हेंबरात कृष्णात घरी गेला तेव्हा हे सगळं लिहिलेला कागद, रक्तदाबाचं मशीन आणि शिवगंगाचा नंबर पूर्णिमाच्या पिशवीत होता.

फेब्रुवारीत शिवगंगाच्या भाचीचा, सौंदर्याचा, साखरपुडा ठरला. संकेश्वरचं स्थळ, तंबाखूचे जुने व्यापारी, घरंदाज माणसं. मंगल कार्यालय भरलेलं. अव्वा नव्या इरकलीत पुढच्या रांगेत, तिचा थोरला मुलगा, म्हणजे सौंदर्याचा बाप, पाहुण्यांच्या मागं-पुढं. आदल्या दिवशी अव्वानं शिवगंगाला मुद्दाम फोन करून बजावलं होतं की व्याह्यांनी विचारलं तर ऑपरेशनचं सांग, जास्ती काही बोलू नकोस.

साडेअकराला पूर्णिमाचा फोन आला. कार्यालयात रेंज नव्हती. शिवगंगा फोन धरून इकडून तिकडं फिरली, तर व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, आवाज नीट यायला लागला. पूर्णिमा रडत होती. कृष्णातचं डोकं फुटतंय म्हणतोय, तोंड लाललाल झालंय, घाम थांबत नाही, मशीन एकशेनव्वद दाखवतंय. एरवी त्याचा रक्तदाब शंभराच्या आसपास असायचा.

शिवगंगानं पहिल्यांदा त्याला बसवायला सांगितलं. बाळाबाईंनी मागून धरलं, पाय खाली सोडले, कमरेचा पट्टा, बूट सगळं सैल केलं. एकशेआठवर फोन झाला होता, पण गाडीला पाऊण तास लागणार होता. लघवी नळीनं काढायला सांगितली. पूर्णिमानं काढली, थोडीच आली. दाब एकशेऐंशी. म्हणजे अडचण तिथं नव्हती. संडास कधी झाली होती, असं शिवगंगानं विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं. गावची जत्रा होती, घरात तीन दिवस पंधरा पाहुणे, आणि संडासाच्या दाराशीच पडवीत त्यांची अंथरुणं. इतक्या लोकांपुढं खुर्ची घेऊन तासभर आत कसं बसायचं, म्हणून कृष्णातनं तीन दिवस टाळलं होतं. वर जत्रेचं मटण.

"पूर्णिमा, आता तूच," शिवगंगा म्हणाली.

पलीकडून कृष्णातचा आवाज आला, नको म्हणणारा, आणि मग कण्हण्याचा. पूर्णिमा गप्प झाली. घाटातली रेंज जात-येत होती आणि शिवगंगाला कळेना, की बाई घाबरून गप्प आहे की फोन तुटलाय. ती मोठ्यानं बोलायला लागली. बधिर करायची जेली लाव. चार मिनिटं थांब, घड्याळ बघ. इकडं सनईवाल्यांनी पानसुपारीसाठी सनई खाली ठेवली, त्याच क्षणी शिवगंगाचा आवाज भरलेल्या कार्यालयात खणखणीत गेला.

"आता बोट आत घाल. घाबरू नको, संडास तिथंच अडकलीय. हळूहळू काढ, एकेक खडा. डोकं जास्त दुखायला लागलं म्हणाला तर थांब आणि मला सांग."

तिला कशाचंच भान नव्हतं. फोन कानाशी, डोळे खिडकीच्या गजावर. पूर्णिमा पलीकडून सांगत होती, आलं, सिस्टर. अजून आलं. शिवगंगा शाबास म्हणत होती, दाब बघायला सांगत होती. एकशेसाठ. एकशेतीस. मग बाळाबाईंचा आवाज आला, की पोराचा घाम वाळला, आणि शेवटी कृष्णात स्वतः फोनवर येऊन अशक्त आवाजात म्हणाला की डोकं उतरलं. गाडी आली की तरीही दवाखान्यात जायचं, आजची रात्र तिथंच काढायची, असं त्याच्याकडून कबूल करून घेऊन शिवगंगानं फोन ठेवला. ती व्यासपीठाच्या पायरीवर बसली आणि मग तिनं मान वर केली.

तीनशे माणसं तिच्याकडं बघत होती. सौंदर्याचा बाप हळदी-कुंकवाचं ताट हातात धरून जागच्या जागी उभा. अव्वानं पदर नाकापर्यंत ओढला होता. नवऱ्या मुलाकडच्या बायका एकमेकींकडं बघत होत्या. शिवगंगाच्या मनात आलं, झालं, भाचीचं लग्न आपल्या हातानं मोडलं.

नवऱ्या मुलाचे आजोबा, पंचाक्षरी अज्जा, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत उठले. सगळे बाजूला झाले. अज्जा तिच्याजवळ आले आणि त्यांनी आधी एवढंच विचारलं, की तो माणूस वाचला का. वाचला, असं तिनं सांगितलं. अज्जांनी खुर्ची मागवली, तिच्यासमोर ठेवली आणि बसले. मग हळू आवाजात, कानडी-मराठीच्या मिसळीत, बोलायला लागले.

"तायी, आमची म्हातारी दोन वर्षं झाली अंथरुणाला हाय. मणक्यात गाठ होती, काढली, पाय गेले. आज नातवाचा साखरपुडा, आणि ती घरात हाय. का? चारचौघांत घाण झाली तर म्हणून. ती म्हणती, मला नेऊ नका." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तिला लग्नाला आणता येईल का?"

शिवगंगानं विचारलं, लग्न कधी आहे. मे महिन्यात, अज्जा म्हणाले. तिनं मनात आठवडे मोजले आणि सांगितलं, आणता येईल, पण माझं ऐकावं लागेल, आणि घरातल्या एका माणसानं शिकावं लागेल. कोण शिकणार, असं तिनं विचारल्यावर अज्जांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

सनई पुन्हा सुरू झाली आणि साखरपुडा पार पडला. जेवणाच्या वेळी मात्र शिवगंगाला धड जेवू दिलं नाही. एकीला सासऱ्यांचं विचारायचं होतं, एका मामांना स्वतःचं, पण मित्राचं म्हणून. अव्वा सगळ्यांत शेवटी आली, लेकीच्या पानात होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढली, वर तूप घातलं आणि म्हणाली, "हळू तरी बोलायचं होतंस ग." मग तिनं विचारलं, त्या पोराची आई कुठल्या गावची, बिचारी किती घाबरली असेल.

पंचाक्षरी अज्जा खरोखरच शिकले. सुरुवातीला दोन आठवडे अज्जी केंद्रात राहिल्या, अज्जा पहाटे उठून वॉर्डात हजर. थरथरत्या हातांना हातमोजे घालायलाच पाच मिनिटं लागायची. अज्जी कानडीत त्यांना बोल लावायच्या, पन्नास वर्षांत एक कप चहा केला नाहीत आणि आता हे करायला निघालात, म्हणून. अज्जा ऐकून घ्यायचे आणि चहाही करायचे, कारण गरम चहा हा औषधाचाच भाग होता. लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारचा होता. आठवडाभर आधीपासून शिवगंगानं अज्जींची सकाळची वेळ थोडी थोडी अलीकडं सरकवत आणली होती. अज्जी हिरव्या इरकलीत, व्हीलचेअरवर, पहिल्या रांगेत पाच तास बसल्या. अक्षता टाकल्या, पंगतीत जेवल्या, आणि फोटोवाल्याला दम देऊन आपले वेगळे चार फोटो काढून घेतले.

कृष्णातचं काय झालं, ते शिवगंगाला पूर्णिमाकडून कळलं. दवाखान्यातून आल्यावर दोन दिवस तो बायकोकडं बघेना. तिसऱ्या दिवशी पूर्णिमानं सरळ विचारलं, जीव वाचवला तो काय पाठ बघायला वाचवला का. तो हसला, मग रडला, मग म्हशींना वैरण टाकली का म्हणून विचारलं. पूर्णिमा सांगत होती, तेव्हापासून घरात बोलणं वाढलंय. पाहुणे आले की आता तो स्वतःच पडवीतून ओरडतो, पावणं, जरा अंथरूण सरकवा, माझी वेळ झालीया.

जूनमध्ये तपासणीला आली तेव्हा पूर्णिमा शिवगंगाला बाजूला घेऊन म्हणाली की नव्या पेशंटच्या बायकांशी तिला थोडं बोलायचं आहे, चालेल का. शिवगंगाला वाटलं, पाच मिनिटं बोलेल. दोघी-तिघींना व्हरांड्यात बसवलं आणि ती स्वतःही खुर्ची घेऊन बसली. बायका चुळबुळ करत राहिल्या. कुणी काही विचारेना. पूर्णिमानं थोडा वेळ वाट बघितली आणि मग म्हणाली, "सिस्टर, तुमी जावा तिकडं च्या प्यायला. तुमच्यासमोर कोण बोलत न्हाय."

आता महिन्यातून एकदा ती येते. कृष्णात हातानं चालवायच्या तीनचाकी स्कूटरवर तिला मागं बसवून आणतो आणि पुरुषांच्या वॉर्डात जाऊन बसतो. बायका व्हरांड्यात जमतात, हल्ली सात-आठ असतात, मधे तानाबाई, निवृत्त होऊनसुद्धा ठेच्याचा डबा घेऊन आलेल्या. शिवगंगाला तिथं मज्जाव आहे. ती कँटीनच्या कठड्याला टेकून चहा पिते. बोलणं तिच्यापर्यंत पोचत नाही, पण मधेच सगळ्या बायका एकदम हसतात तेव्हा ते उसाच्या फडापर्यंत ऐकू जातं.